हिरव्या रंगाखाली

३ जून

निघालो होतो समुद्राकडे. जावातल्या जोग्जाहून दक्षिणेला जाणाऱ्या बसमध्ये चढलो, कारण किनाऱ्यावर मासे तळणाऱ्या एका बाईला माणूस हवाय असं कुणीतरी बोटीवर सांगितलं होतं. पण केदुंगवारूच्या फाट्यावर इंजिनात पाणी घालायला बस थांबली आणि समोर चिंचेच्या झाडाला सायकली टांगलेल्या दिसल्या. जुन्या, उंच, काळ्या, हॉलंडहून आलेल्या, हंडीच्या बुडासारख्या हेडलाइटवाल्या. वाऱ्याने चाकं हळूहळू फिरत होती. बघायला म्हणून उतरलो. बस गेली. माझ्या चपला बसमध्येच राहिल्या, म्हणजे आता इथेच काम बघणं आलं.

दुकान पाक वागिमान यांचं, पाक म्हणजे काका. साठीचे असतील, पोट मोठं, ओठात लवंगी सिगारेट, विझली तरी ओठातच. मोडक्या सायकली आणायच्या आणि कारखान्यातून पहिल्या दिवशी निघाल्या तशा करून द्यायच्या, एवढाच त्यांचा धंदा. तसाच स्क्रू, तसाच रंग, तशीच सोनेरी रेघ. एक जरी वस्तू दुसरीकडची असली तरी त्यांना जेवण जात नाही.

त्यांनी ओळखपत्र मागितलं. मी जरा अंग चोरलं, कारण त्यावर नाव वेगळं आहे. मला सगळे वालुयो म्हणतात. लहानपणी सारखा आजारी असायचो, तेव्हा आमच्याकडे करतात तेच आईने केलं. नाव पोराला जड झालं की लाल-पांढरी खीर शिजवायची, शेजारपाजाऱ्यांना वाढायची, नवं नाव सांगायचं. झालं. वालुयो, म्हणजे ठणठणीत. पण कचेरीत जाऊन कागद बदलून घ्यावा हे आमच्या घरात कुणाला सुचलं नाही. कार्डावर अजून जन्मनावच आहे, कर्तोविजोयो. पाक वागिमान यांनी कार्ड नाकाशी धरून वाचलं आणि एकदम खूश झाले. म्हणाले, अरे, आत अस्सल माल आहे की! वालुयो हा वरून मारलेला रंग. या दुकानात वरचा रंग चालत नाही, पोरा. इथे तू कर्तो.

मला काय, कुठल्याही नावाने भात मिळाला की बास. मागच्या खोलीत चटई मिळाली. भात, सोयाबीनचं तेंपे, गोड चहा. झोप मस्त लागणार.

६ जून

पहिल्यांदाच एखादं काम आवडतंय. बोटीवर मासे निवडले, मलंगच्या बाजारात पक्षी विकले, एका लग्नाच्या बँडमध्ये थाळी वाजवली, पण सगळीकडून महिन्याभरात पाय निघाला. इथे हाताला काहीतरी सापडतं. रॉकेलच्या डब्यात बेअरिंगचे छर्रे बुडवून ठेवायचे, चिंचेने पितळ घासायचं, आरे एकेक करून ताणायचे, टिचकी मारून आवाज ऐकायचा. सैल आरा ढब्ब वाजतो, नीट ताणलेला गातो.

रस्त्यापलीकडे तेजोचं दुकान. तो सायकलींना उंच शिंगांसारखी हँडलं लावतो, मडगार्ड कापतो, ज्वाळा काढतो, कधी मोरपीस. त्याचं आणि पाक वागिमान यांचं रोज सकाळी भांडण झाल्याशिवाय दोघांची दुकानं उघडत नाहीत. तेजो तिकडून ओरडतो, काय पाक, आज कुठलं मढं उकरलंत? हे इकडून, तू जिवंत सायकलीला नवरदेव करून मारतोस, त्यापेक्षा बरं. मग एकाच टपरीवर शेजारी बसून दोघे भजी खातात.

गावातल्या म्हाताऱ्यांची नावं ऐकून हसू येतं. स्लामेत म्हणजे सुखरूप, उंतुंग म्हणजे नशीबवान, वारास म्हणजे बरा झालेला. टपरीवर आज एका बाकावर तीन स्लामेत बसले होते. सगळी माझ्या वालुयोच्याच जातीची, नंतर ठेवलेली नावं. मी तेजोला म्हणालो की तुमच्या गावात लहानपणी कुणाचीच तब्येत बरी नव्हती वाटतं. तो म्हणाला, आजोबा लोकांच्या वेळी कसलीशी साथ आली होती म्हणे. त्यालाही नीट ठाऊक नाही.

गावाच्या टोकाला जुन्या साखर कारखान्याचं धुराडं उभं आहे. बाकी काही उरलेलं नाही. त्यात आता वटवाघळं. भोवती ऊस मात्र अजून आहे, पार कालव्यापर्यंत.

११ जून

आज पाक वागिमान एक हिरवी सायकल घेऊन आले. घेऊन म्हणजे नुसता सांगाडा, हँडल आणि दोन चाकं. कुणाच्या तरी गोठ्याच्या आढ्याला उलटी बांधलेली होती. गोठा पाडायचा म्हणून मालकाचा नातू, नेऊन टाका एकदाची, म्हणाला. फाटकाला मारतात तो जाड हिरवा रंग, हाताने फासलेला, रंगाचे ओघळ तसेच वाळलेले. हँडल उलटं बसवलेलं. फ्रेमवर नंबर कोरलेला असतो तिथे मेण भरून वर रंग.

मला ती बघून कसंतरीच झालं, कुत्र्याला पोरांनी रंगवावं तसं. पाक वागिमान यांनी खिशातून ब्लेड काढून एका कोपऱ्यात नखाएवढा हिरवा पोपडा उचलला. खाली काळा. काळा म्हणजे कसला, विहिरीत वाकून बघितल्यासारखा. आणि त्यात केसाएवढी सोनेरी रेघ. त्यांचे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत. म्हणाले, कर्तो, ही तुझी. पुढच्या महिन्यात जोग्जाला जुन्या सायकलवाल्यांचा मेळा आहे. तोवर ही पुरी केलीस तर दुकानाच्या पाटीवर माझ्या नावाशेजारी तुझं नाव.

मी आजवर एकही गोष्ट पुरी केलेली नाही. शाळा नाही, बँड नाही. ही करायची.

१५ जून

नशीब बघा. चेनकव्हर सापडलं! तीन घरं सोडून एका बाईकडे कोंबड्या त्याच्यावर बसत होत्या. मी सहज विचारलं, तिने सहज दिलं. मग दुसऱ्या घरात हेडलाइट, त्यात मीठ ठेवलं होतं. तिसऱ्या घरी पेडलची जोडी, दाराला अडसर म्हणून. कॅरियरवर चुलीतली लाकडं रचलेली. सगळं याच सायकलचं, भोकाला भोक जुळतं. या धंद्यातली माणसं एका पेडलसाठी दोन बेटं पालथी घालतात आणि इथे एकाच गल्लीत आख्खी सायकल घरोघर वाटलेली.

पाक वागिमान म्हणाले, चोरांनी वाटून घेतली असेल. तेजो म्हणाला, चोर कधी शेजाऱ्यांना वाटतो का हो? वाटतात ती खीर. सगळे हसलो.

फक्त घंटी नाही. ती म्बा सेगेर, म्हणजे सेगेर आजी, या म्हातारीकडे आहे असं कळलं. नव्वदीची आहे, सेगेर म्हणजे तरतरीत, नावाला साजेशी. मी गेलो तर उंबऱ्यात बसून सुपारी कुटत होती. नाव विचारलं. मी कर्तो म्हणालो, आता तेच तोंडात बसलंय. तिने बत्ता खाली ठेवला. पूर्ण नाव काय म्हणाली. सांगितलं. उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. मी बाहेरून म्हणालो, अहो म्बा, घंटी मागतोय, मुलगी नाही.

१९ जून

दमायला होतंय. काम काही बैलाचं नाही, बसून ब्लेडने रंग खरवडायचा. तरी सकाळी उठतो तो पोटऱ्या भरलेल्या, कंबर मोडलेली. रात्री आठलाच पडतो. झोप लागते ती दगडासारखी, आणि उठतो तो कालच्यापेक्षा दमलेला. पाक वागिमान म्हणतात, तरणा माणूस, लग्नाचं वय, दुसरं काय. त्यांच्या बायकोने, बू मुर्नी यांनी, आल्याचा काढा दिला.

गंमत म्हणजे सायकलीला हात लावला की बरं वाटतं. हात काढला की पुन्हा दमणूक. म्हणून हात काढतच नाही. अर्धी फ्रेम मोकळी झाली. किती सुंदर आहे ती. तेजोसुद्धा येऊन बघून गेला आणि एकदाही थट्टा केली नाही.

२४ जून

दोन गोष्टी लिहून ठेवतो.

सकाळी उठलो तर दोन्ही तळव्यांवर बारीक चिरे. ब्लेडने लागलं म्हणावं तर ब्लेड असं लागत नाही, हे आडवे, शेकडो, कागदाने कापल्यासारखे. बू मुर्नी तेल लावता लावता म्हणाल्या, उसाच्या पात्याने असं कापतं. पण मी उसात कशाला जाऊ? पायाला माती होती. ती कदाचित कालची.

दुसरं. तिन्हीसांजेला मागच्या खोलीत जरा आडवा झालो होतो. त्या वेळी झोपू नये म्हणतात, पण डोळे मिटले. रस्त्यावरून कुणीतरी कर्तो म्हणून हाक मारली. मी झोपेतच ओ दिली, आलो पाक. बाहेर आलो तर दुकानात कुणी नाही. पाक वागिमान मशिदीतून दहा मिनिटांनी आले. त्यांनी हाक मारलीच नव्हती. हिरवी सायकल, म्हणजे आता काळीच, रस्त्याकडे तोंड करून उभी होती. मी तिला भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं असं वाटतं. नक्की आठवत नाही. हल्ली काहीच नक्की आठवत नाही.

२७ जून

म्बा सेगेर स्वतः दुकानात आली. काठी टेकत, घामाघूम. पाक वागिमान बाजारात गेले होते तेच बरं. सायकलीकडे बघितलंच नाही तिने. माझे हात मागितले, उलटे केले, बराच वेळ बघत बसली. मग सांगायला लागली. मी तिच्या बोलण्यातलं आठवतं तेवढं लिहितो.

ती लहान पोर असताना कारखाना चालू होता. गाळपाच्या हंगामात रोज तिन्हीसांजेला मुकादम याच सायकलवर यायचा. गल्लीच्या तोंडाशी एकदा घंटी वाजवायचा आणि रात्रपाळीची नावं पुकारायचा. नाव आलं की हजर म्हणायचं आणि निघायचं. ताप असो, बाळंतीण असो. त्या वर्षी माणसं उसातच पडायला लागली. मुकादमालाही ताप होता, पण त्यालाही वरून सुट्टी नव्हती. एका संध्याकाळी तोही सायकलसकट उसात पडला, तो मेलाच.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला घंटी वाजली.

म्बा सेगेर म्हणाली की त्याला माणसं ओळखू यायची नाहीत, मेल्याला कुठली ओळख. त्याला दोनच गोष्टी माहीत, आपली सायकल आणि नावं. ज्याने सवयीने हजर म्हटलं तो रात्री झोपायचा आणि सकाळी हात कापलेले, पाय मातीने भरलेले. रोज थोडा जास्त दमायचा. मग एके सकाळी उठायचा नाही. तेव्हा गावाने नावं बदलली, सगळ्यांनी, चाळीस घरी खीर शिजत होती. तिची आई, बाप, तीही. आणि मग सायकलीचंही नाव बदललं. पोराचं बदलतात तसंच, तिच्या चाकाखाली लाल-पांढरी खीर ठेवून. हिरवी हे तिचं नाव ठेवलं, हिरवी केली, हँडल फिरवलं, नंबर बुजवला, एकेक भाग एकेका घरात दिला. त्याला ती सापडली नाही की तो येणार कशावर बसून? तो आलाच नाही पुन्हा.

मी विचारलं की मग माझा काय संबंध. तिने सांगितलं की एकाने नाव बदललं नव्हतं. बदलायच्या आतच तो समुद्रापलीकडे पळून गेला होता. मुकादमाच्या पुकाऱ्यात तेवढं एक नाव मोकळं राहिलं. कर्तोविजोयो.

जाताना म्हणाली, ए बाबा, तुझ्या मालकाला सांग, सायकल परत हिरवी कर. आणि तू वालुयो हो.

संध्याकाळी पाक वागिमान यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, अरे, प्रत्येक जुन्या सायकलीला एक भूत आणि एक म्हातारी असतेच. मी क्लातेनचा माणूस, तिथल्या सायकलींना तर दोन-दोन भुतं आहेत. मला हसू आलं. त्यांना आवडतं मी हसलो की.

२८ जून

आईला फोन केला. आमच्या लांपुंगला, समुद्रापलीकडे, पाऊस आहे म्हणाली, बकरी व्याली म्हणाली. मग मी विचारलं की माझं पहिलं नाव कुठून आलं. तिच्या आजोबांचं. जावातून पळून आले होते, कुठल्याशा उसाच्या गावातून, कधीच बोलायचे नाहीत. आणि मी कशाने आजारी होतो, असं विचारलं. म्हणाली, आजारी म्हणजे, तू झोपून उठलास की दमलेला असायचास रे. सहा महिन्यांचं पोर, सकाळी उठल्यावर म्हाताऱ्यासारखं हुश्श करायचं.

मी कुठे आहे ते सांगितलं. तिने फोनवरच रडायला सुरुवात केली. म्हणाली, सगळी बेटं सोडून तिथेच कसा रे उतरलास. ऊठ, आत्ता ऊठ आणि नीघ.

३० जून

निघालो. म्हणजे पहाटे पिशवी उचलून फाट्यावर गेलो, बाकावर बसलो. बस येताना दिसली. एवढंच आठवतं.

तेजो सांगतो ते लिहितो. तो दुपारी जेवायला घरी निघाला होता. कालव्याजवळ उसाच्या ओळीत त्याला मी दिसलो. कमरेत वाकलेला, उजवा हात कोयता चालवल्यासारखा खाली-वर, डावा हात मोळी धरल्यासारखा. हातात काही नाही. त्याने आधी थट्टा केली, काय मास, म्हणजे काय दादा, मालकाने विकलं की काय कारखान्याला. मी वर बघितलं नाही. मग तो जवळ आला आणि त्याला माझं तोंड दिसलं. काय दिसलं ते तो सांगत नाही. डोळे मिटलेले होते एवढंच म्हणाला.

त्याने मला उचलून आणलं. मी जड लागलो म्हणे, ओल्या गोणीसारखा.

१ जुलै

पेडल काढून कालव्यात फेकलं. डावं. अपुरी सायकल त्याला ओळखू येणार नाही, असा हिशेब.

सकाळी पेडल जागेवर होतं. ओलं. त्यात शेवाळाची एक काडी. आणि माझ्या नखांत ग्रीस, केसातून पाणी. मीच काढून आणलं, मीच बसवलं. नीट बसवलंय. छर्रे नवीन तेलात. एवढं नीट मी जागेपणी बसवत नाही.

तेजोकडे गेलो. त्याला म्हणालो, तिला गुलाबी कर. शिंगं लाव. मडगार्ड काप. कोंबडी काढ तिच्यावर, काहीही काढ, ती ओळखू येता कामा नये. तो हसला नाही. रंगाची मशीन जोग्जाला दुरुस्तीला आहे, चौथ्या तारखेला संध्याकाळी येतेय, आली की लगेच, म्हणाला. पाक मला मारून टाकतील, पण करतो.

चौथ्या तारखेपर्यंत जागं राहायचं.

२ जुलै

पाक वागिमान पाटी घेऊन आले. निळ्यावर पांढरी अक्षरं. वागिमान आणि कर्तो. रंगाऱ्याकडून ताजी. मला मिठी मारली त्यांनी. म्हणाले, पोटचा मुलगा सुमात्राला गेला तो पाच वर्षं फोन करत नाही, तू सापडलास. मी त्यांना म्हणालो, पाक, पाटीवर वालुयो लिहा ना. हात जोडले. त्यांना वाईट वाटलं. अस्सल नाव असताना माणूस खोटं का मागतो, त्यांना खरंच कळत नाही.

कुठल्या दुकानाच्या पाटीवर माझं नाव येईल असं वाटलं नव्हतं. आलं तर हे.

झोप — उभ्या उभ्या लागते. चहात तिखट घालून पितो.

३ जुलै

म्बा सेगेर सकाळी गेली. वय झालं होतं, सगळे म्हणतात. तिचे हात बघायला गेलो होतो. सुनेने झाकले होते.

परत आलो तर पाक वागिमान चिंचेने काहीतरी घासत होते. म्हातारीच्या नातवाने घंटी आणून दिली. तुम्ही मागत होतात ना म्हणून. उंबऱ्याखाली पुरलेली होती, आत चुना भरलेला. चुना त्यांनी तारेने काढला सगळा. पितळ सोन्यासारखं —

मी म्हणालो, लावू नका. म्हणाले, उद्या लावू, खीर करू. आमच्या दुकानाची रीतच ती. सायकल पुरी झाली की चाकाखाली खीर आणि तिन्हीसांजेला एकदा घंटी. मेळ्यात सगळे बघत राहतील. मग झोप हवा तेवढा, दोन दिवस झोप, कुणी उठवणार नाही.

कुणी उठवणार नाही.

४ जुलै, दुपार

उठवत नाही. बसून लिहितो म्हणजे बोटं हलत राहतील.

घंटी लपवू म्हणून गेलो — ती हँडलवर होती. कुणी लावली विचारलं. बू मुर्नी म्हणाल्या, तूच रे, पहाटे. गाणं म्हणत होतास. कसलं गाणं? त्यांना ठाऊक नाही, जुनं काहीतरी, उसाचं.

नंबरातलं मेणही निघालंय. सगळं जसंच्या तसं. एक ओरखडा नाही. इतकी पुरी गोष्ट मी कधी —

तेजोला चारदा फोन. मशीन मिळाली, निघालोय, जोग्जात ट्रॅफिक आहे. अंधाराच्या आत येतो, मास. झोपू नका. मला वालुयो म्हण ना, म्हटलं. म्हणाला तो. वालुयो, वालुयो. परकं वाटलं. दुसऱ्याच कुणाला बोलावतोय असं.

४, संध्याकाळ

खिरीचा वास. गूळ. नारळ.

पाक बाहेर आहेत, चाकाखाली वाटी ठेवतायत. मला बोलावलं. पोट दुखतंय म्हणालो. खिडकीची फट. सायकल रस्त्याकडे तोंड करून. आता ती कुणाची आहे हे आंधळ्यालाही —

वाजवली त्यांनी. एकदा. काय आवाज आहे. गावातली कुत्री गप्प.

तेजो नाही आला.

—

पुन्हा वाजली. पाक दारात उभे आहेत, दोन्ही हातात वाट्या. त्यांनी नाही वाजवली. त्यांना ऐकूही आली नाही. बू मुर्नींना म्हणतायत, गूळ जरा कमी —

पुकारतोय.

मला वाटलं होतं आवाज रागीट असेल. नाही. दमलेला आहे. माझ्यासारखा. एक नाव घेतो. थांबतो. वाट बघतो. कुणी बोलत नाही. पुढचं नाव. थांबतो. ही कुणाची नावं — स्लामेत लोकांच्या बापांची जुनी — सगळे गप्प. सगळी घरं. किती वेळ थांबतो बिचारा प्रत्येक नावापाशी.

मी गप्प राहीन. मी वालुयो. लांपुंगचा. बकरी व्याली आहे. मी वाल

गल्लीच्या टोकाशी मोटारसायकल — तेजो — दिवा दिसतो —

माझं घेतलं.

पूर्ण. बरोबर. आईने पहिल्यांदा घेतलं असेल तसं. आजवर कुणी इतकं बरोबर — हात हलके झाले एकदम. पोटऱ्या नाहीतच. फक्त एकदा म्हणायचं आणि मग वाट बघावी लागणार नाही, त्यालाही नाही, मलाही —

तेजो ओरडतोय काहीतरी. वालु काहीतरी. कोण ते.

तोंड उघडलंय. मी नाही उघ

ह